सीझनचं लाकूड

आता तुम्ही विषय काढलाच आहे, तर सांगून टाकतो. फक्त एक अट. हसायचं तेवढं हसा, पण आमच्या राधिकासमोर यातलं अक्षर काढायचं नाही. ती अजून या गोष्टीला हसत नाही.

तर, एका माणसाने दिवाळीच्या तोंडावर, पूर्ण शुद्धीत, स्वतःच्याच घरात बसून स्वतःला डासासारखी धुरी दिली. दोन आठवडे! हेतू काय? तर घर ऊबदार राहावं. आणि माणूस शिकलेला हो, चांगला इंजिनिअर. कोण म्हणून विचारू नका, चहा निवेल.

दोन हजार सात सालची गोष्ट. इंग्लंडातल्या मिल्टन कीन्समधले राउंडअबाउट, म्हणजे रस्त्यांवरचे गोल चौक, मोजून मोजून कंटाळा आला, की जिथे ते संपतात तिथे आमचं घर. फेब्रुवारीत माझी बायको सुनंदा गेली. त्याबद्दल फार बोलत नाही. एवढंच, की तेव्हापासून मला एका जागी बसता येईना. टीव्ही लावायचा, उठायचं. पुस्तक उघडायचं, उठायचं. स्वयंपाकघरात जायचं आणि आपण का आलो ते विसरून परत यायचं. घरातल्या कार्पेटने दिवसाला एवढं चालणारा माणूस आधी पाहिला नसेल.

आमच्या बैठकीच्या खोलीत लाकडाची शेगडी आहे. काळी, लोखंडी, काचेच्या दाराची, वर छपरापर्यंत धुराडं. घरात गॅसचं हीटिंग आहे, पण सुनंदाला त्यात राम वाटायचा नाही. ऑक्टोबर लागला की शेगडी पेटायची. पेटवायची तिने, शेकायचं मी, अशी आमच्या संसारातली कामाची वाटणी. मला शेगडीला हात लावायची परवानगी नव्हती. का नव्हती, ते पुढे कळेलच.

तर त्या ऑक्टोबरात मी ठरवलं, शेगडी पेटवायची. हे मी फोनवर राधिकाला सांगितलं. राधिका आमची एकुलती एक, ग्लासगोला डॉक्टर. जन्म इथला, त्यामुळे मराठी तिची स्वतःची.

“बाबा, नको. तुला ती जमणार नाही. आई करायची तो वेगळा गोष्ट.”

“लाकूड जाळायचं, त्यात न जमण्यासारखं काय आहे?”

“ओके. मी दिवाळीला येते. सेफ नसला तर शेगडी काढून टाकायचा, घर विकायचा, आणि तू ग्लासगोला यायचा. डील?”

“डील,” मी म्हणालो. मुलगी गुणाची, जावई चांगला, पण मला हे घर सोडायचं नव्हतं. याच घरात मी अस्वस्थ फिरत होतो हे खरं, पण दुसऱ्याच्या घरात असं फिरता तरी येतं का?

म्हणजे सगळं त्या शेगडीवर आलं. मी तडक लाकूड आणायला निघालो.

लाकूड विकणारा कीथ. तोच धुराडीही साफ करतो. गावाबाहेर त्याचं आवार, आणि आवारात दोन ढीग. एका ढिगातलं लाकूड करडं, हलकं, टोकांना भेगा पडलेलं. दोन तुकडे एकमेकांवर आपटले तर टण् असा पोकळ आवाज. दुसऱ्या ढिगातलं? अहाहा! पिवळसर, वजनदार, साल घट्ट, अंगाला ओलसर सुवास.

“यू वॉन्ट सीझन्ड, आय सपोज?” कीथने विचारलं.

आता तुम्हीच सांगा. सीझन्ड म्हटल्यावर पुण्याच्या माणसाला काय कळणार? सीझनचा हापूस म्हणजे यंदाचा, ताजा! सीझन संपल्यावरचा माल कोण घेतं? सुनंदाही दर वर्षी ‘सीझन्ड आणलंय हं’ असं अभिमानाने सांगायची.

“अर्थात!” मी म्हणालो. “सीझन्डच पाहिजे.”

त्याने करड्या ढिगाकडे बोट केलं. “मग हे घ्या. पूर्ण दोन वर्षांचं आहे.”

दोन वर्षांचं! शिळं लाकूड माझ्या गळ्यात मारतोय! मला वाटलं, एकटा पुरुष पाहून हा फसवतोय. दर सुट्टीत पुण्याच्या मंडईत सुनंदाच्या मागे पिशवी धरून मी वीस वर्षं काढली होती. भोपळा घ्यावा तो जड, नारळ घ्यावा तो पाणी वाजणारा, हे शिक्षण काय वाया गेलं होतं?

“ते नको,” मी ठणकावून सांगितलं. “हे ताजं द्या. आणि मी स्वतः निवडून घेणार.”

“हे?” कीथने कपाळावरची टोपी मागे सरकवली. “आत्ताच तोडलंय. म्हणजे नेक्स्ट विंटरसाठी घेताय तर?”

ऑक्टोबर चालू होता. थंडी अजून यायची होती. पुढची थंडी कोणती? नोव्हेंबरची!

“येस, येस, नेक्स्ट विंटर.”

“शहाणे आहात,” तो म्हणाला. “आधीपासून तयारी करणारी माणसं फार कमी.”

मी फुगलो. एकेक ओंडका हातात तोलून, हुंगून, जडातला जड असा गाडीभर माल निवडला. कीथ बघत होता. असं गिऱ्हाईक त्याने कधी पाहिलं नसणार. मला वाटलं, माझी पारख बघून गार पडलाय.

घरी येऊन पेटवायला बसलो. पेटेना! वर्तमानपत्र झालं, काड्यांची पेटी झाली. शेवटी देवघरातला कापूर आणला, थोडं साजूक तूप ओतलं. होमच झाला तो. लाकडाच्या टोकातून फेस आला आणि सूंऽऽ असा आवाज सुरू झाला. मी म्हटलं, वा! किती रसदार!

अर्ध्या तासात काच काळी. खोलीत धूर. डोळ्यांत पाणी. ऊब? शेगडीवर हात ठेवून बसावं लागे. त्यात पायांना गार वारा झोंबायला लागला. बघतो तर भिंतीत खाली एक जाळी, आणि तिच्यातून थेट बाहेरची हवा आत येतेय. म्हटलं, काय हे बांधकाम! भोकच बुजवलं नाही! इतकी वर्षं आपण बाहेरची बाग तापवत होतो. मी त्या जाळीत जुना स्वेटर कोंबला आणि वरून रुंद चिकटपट्टी मारली. इंजिनिअर शेवटी!

पाच-सहा दिवसांनी संध्याकाळी पुस्तकांच्या कपाटावरची एक पांढरी डबी किंचाळायला लागली.

आता इथल्या मराठी घरांत अलार्म वाजला की माणूस काय करतो? फोडणी जरा जास्त तडतडली की छतावरचा अलार्म बोंबलतो, आणि घरातलं कोणीतरी टॉवेल घेऊन त्याच्याखाली नाचतं. मीही सवयीने टॉवेल घेऊन कपाटासमोर नाचलो. थांबेना. तेव्हा डबी उचलली आणि मागच्या शेडमध्ये नेऊन ठेवली. आणि काय आश्चर्य, थोड्या वेळात गप्प! म्हटलं, बिचारी तापली होती. थंड हवा लागताच बरं वाटलं.

मलाही त्या दिवसांत तसंच व्हायचं. संध्याकाळी शेगडीपाशी बसलो की डोकं जड, मळमळ, छातीत धडधड. उठून बाहेर एक चक्कर मारली की मोकळं. मी समजलो, हे मनाचं आहे. माणूस गेल्यावर असं होतं म्हणतात. दोन आठवडे मी आणि ती डबी, दोघांनाही बाहेर बरं वाटत होतं, तरी माझी ट्यूब पेटली नाही. पेटत काहीच नव्हतं म्हणा त्या घरात.

राधिका आली ती धनत्रयोदशीला, दुपारी. मी तिच्या स्वागताला सकाळपासून शेगडी धुमसत ठेवली होती. दार उघडलं तर ती उंबऱ्यातच थांबली.

“बाबा, तुझा चेहरा असा का दिसतो?”

“कसा? आत ये, बघ, कशी छान ऊब...”

“डोकं दुखतो का?”

“दुखतं. ‘दुखतं’ म्हणतात.”

“बाबा! उलटीसारखा वाटतो? बाहेर गेला की बरा वाटतो?”

“तुला कसं कळलं?”

तिने मला दंडाला धरून बागेत ओढलं, सगळी दारं-खिडक्या उघडल्या, आणि मग ती जाळी पाहिली. आतून माझा स्वेटर बाहेर काढला. तो हातात धरून ती माझ्याकडे असं बघत होती, की मला नऊवारीतली माझी आई आठवली.

“आणि कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म? आईने ठेवलेला, पांढरा?”

“तो होय? तो शेडमध्ये. बरा आहे तो आता.”

त्यानंतर चार तास हॉस्पिटलच्या ए अँड ईमध्ये, म्हणजे तातडीच्या विभागात, गेले. नाकावर मास्क, हातात सुई. नर्सने विचारलं, नेमकं काय झालं? राधिकाने सांगितलं. नर्सने पुन्हा विचारलं, “मुद्दाम नाही ना केलं?” राधिकाने माझ्याकडे पाहिलं. तिचा चेहरा पांढरा पडला होता. हा प्रश्न ती गाडीतून येताना स्वतःलाच विचारत होती, हे मला तेव्हा कळलं.

“नाही गं,” मी मास्क बाजूला करून म्हणालो. “मला खरंच काही येत नाही.”

ती रडली, आणि मग पहिल्यांदा माझ्यावर ओरडली. मला बरं वाटलं.

दोन दिवसांनी तिने धुराडं बघायला माणूस बोलावला. कीथच आला. ब्रश घालून त्याने डांबरासारखं काळं चिकट बादलीभर काढलं.

“एवढं? आणखी महिना गेला असता तर धुराड्यालाच आग लागली असती. काय जाळलंत?” असं म्हणत त्याने टोपलीतला ओंडका उचलला आणि हातात तोलून पाहिला. “हे तर नेक्स्ट विंटरचं होतं!”

“मग? ही नेक्स्ट विंटरच आहे!”

“ही धिस विंटर आहे!”

“अजून तर लागली पण नाही!”

राधिकाने कपाळाला हात लावला. मग त्या दोघांनी मिळून मला सीझन्डचा अर्थ सांगितला. सीझन्ड म्हणजे वर्ष-दोन वर्षं वाळवलेलं. हलकं. भेगा पडलेलं. टण् वाजणारं. मंडईत जे टाकून द्यायचं, ते इथे घ्यायचं! आणि ओलं जाळलं, वर हवेची वाटही बुजवली, की तो वास नसलेला वायू गुपचूप खोलीत साठतो.

“मग शेगडी काढायचा?” राधिकाने कीथला विचारलं.

“कशाला? शेगडी उत्तम आहे,” कीथ म्हणाला. “तुझ्या आईने फार छान राखली होती. दर सप्टेंबरला मला फोन यायचा. दोष शेगडीत नाही, मिस.”

तो पुढे बोलला नाही. सभ्य माणूस आहे.

राधिका बराच वेळ शेगडीच्या दारावर हात ठेवून उभी होती. मग म्हणाली, “राहू दे. घर पण राहू दे. पण लाकूड मी सांगितल्याशिवाय याला विकायचा नाही.” कीथने मान डोलावली. माझ्याकडे कोणी पाहिलंही नाही.

मला वाटलं, गंमत असेल. पण पुढच्या वर्षी ऑक्टोबर लागल्यावर मी ऐटीत कीथला फोन केला. नाव सांगितलं, सीझन्ड म्हणजे वाळलेलं हेही स्पष्ट सांगितलं.

तो अगदी अदबीने म्हणाला, “सर, घरात कोणी मोठं माणूस आहे का?”

“होतं,” मी म्हणालो. “आता मीच आहे.”

कीथ म्हणाला, “बरं. मग मी राधिकाला फोन करतो.”