रोवणीतलं पाणी

आमच्याकडे चिचगडच्या बाजूला रोवणीत, म्हणजे धानाच्या लावणीत, बाया पाणी पीत नसत. सकाळी चहा घेतला की दिवस मावळेपर्यंत घोट नाही. कारण साधं होतं. पाणी प्यालं की लघवीला लागते, आणि धानाच्या उघड्या बांधीत जायचं कुठे? पऱ्हे, म्हणजे धानाची रोपं, आणून टाकणारे गडी मात्र घटाघटा पीत आणि धुऱ्यावर, शेताच्या बांधावरच पाठ फिरवून उभे राहत. त्यांना कोण काय म्हणणार! आजही आठवलं की माझं डोकं फिरतं.

माझ्या ताईला सिकलसेल होता. देवरीच्या डॉक्टरांनी बाबांना समोर बसवून समजावलं होतं. रक्तातल्या लाल पेशी गोल, मऊ असतात, केसाहून बारीक नळीतूनही दुमडून निघून जातात. हिच्या पेशी प्राणवायू सोडला की विळ्यासारख्या वाकतात, ताठ होतात. अंगात पाणी कमी असलं, गारठा लागला, तर जास्तच. मग त्या नळीत अडकतात, पुढे रक्त जात नाही, आणि जिथे रक्त नाही तिथे जीवघेणी कळ. एखाद्या वेळी जीवही जाऊ शकतो. म्हणून हिला सतत पाणी पाजा. बाबांनी मान डोलावली होती.

त्या वर्षी माणसं कमी पडली म्हणून ताईला चिखलात उतरवलं. दुपारी तिने पाणी मागितलं. रोवणीची म्होरकी आमची मोठीआई, बाबांची वहिनी. ती खालमानेनेच म्हणाली, "आता पेशील त मंग जाशील कुठं?" ताई पुन्हा वाकून रोपं लावू लागली. थोड्या वेळाने ती मांड्या धरून चिखलातच बसली. बैलगाडीतून नेताना ती पदर चावत होती.

दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, पाणी का नाही दिलं? बाबा म्हणाले, "बाया पाणी नाही पेत ना रोवणीत." जसं काही बायांच्या रक्ताला पाणी लागतच नाही.

ताई वाचली. बाबांनी त्यावर उपाय काढला, की तिने यापुढे घरीच बसावं.

दुसऱ्या दिवशी मी ताईशिवाय रोवणीला गेले. धुऱ्यावर चार बांबू रोवून ताडपत्री ताणलेली होती, खाली युरियाची पोती. पावसात भिजू नयेत म्हणून बाबांनीच स्वतः उभं केलं होतं ते. माझा संताप मावेना. मी ताडपत्री ओढून काढली आणि तेच बांबू उपटून पलीकडच्या कोपऱ्यात चारी बाजूंनी आडोसा बांधला. पोती भिजली. बाबा ओरडत राहिले. मी घागर आणून तिथेच ठेवली.

सगळ्यात आधी आत गेली मोठीआई. बाहेर येऊन ती उभ्यानेच दोन तांबे पाणी प्याली, मग तिने तोंड पुसलं.

"पयलेच काऊन नाही बांधलं व?" ती म्हणाली.

बाबा समोरच उभे होते. विचारलं मात्र तिने मला.