कासवाचं दार

हे यमूला माहीत नाही. माझ्या पोटच्या पोरीला सांगितलं नाही, मग तुला का सांगतेय? तू आमच्या वाड्यातलं माणूस नाहीस, म्हणून असेल. ऐकून घे. मध्ये बोलू नकोस, नाहीतर माझं राहून जाईल.

तुला वाटेल, एका कासवाचीच तर गोष्ट, त्यात काय एवढं. म्हण तसं. मीही कितीतरी वर्षं तेच म्हणत आले.

आधी राघोदादाचं सांगते. माझा थोरला दीर. आगरदांड्याच्या अलीकडे आमचा कोळीवाडा, आणि खाडीच्या तोंडाशी पाण्याखाली एक मोठं खडप आहे. पावसाळा सरून पाणी निवळलं की त्या खडकावर हिरवं शेवाळ माजतं. ते चरायला कासवं यायची, चांगली परातीएवढी. अंडी घालायला कुठे जायची कोण जाणे, पण चरायला इथंच. आणि दर साल तीच ती. लग्न झाल्यावर माझ्या नवऱ्यानं होडीतून नेऊन मला दाखवली होती. बाई गं, गुरांसारखी चरत होती! मान खाली घालून शेवाळ ओरबाडायची, मग सावकाश वर यायची, फुस्सदिशी श्वास टाकायची, की परत खाली. एकाच्या पाठीचा उजवा काठ मुशीनं, म्हणजे शार्कनं, तोडलेला. त्याला तर सगळा वाडा ओळखायचा.

आमच्यात कासव म्हणजे देव. जाळ्यात आलं तर पाठीवर कुंकू लावून सोडायचं. पण आमचं जाळं डोलीचं — म्हणजे लांबलचक पिशवी, भरतीच्या ओढीत खुंटांना बांधून ठेवायची आणि पाणी थांबलं की ओढायची. कासव काही मासा नव्हे, त्याला श्वासासाठी वर यावंच लागतं. जाळं ओढेपर्यंत ते आत गुदमरून मरायचं. त्यावर राघोदादानं तोडगा काढला. जाळ्याच्या शेपटाकडे दोन हातांचा छेद ठेवला, आणि तो मुद्दाम जुन्या, कुजक्या सुतानं शिवून घ्यायचा. माशांच्या ओझ्याला टिकेल, पण कासवानं डोकं खुपसलं की तटकन तुटेल. कासवाचं दार म्हणायचे त्याला. त्या ओढीचं सगळं म्हावरं वाहून जायचं. जाऊ दे, म्हणायचा तो. खडपावर कुणी जाळं टाकायचं नाही, हेही त्यानंच ठरवलेलं, आणि वाडा मुकाट ऐकायचा. देवमाणूस म्हणायचे त्याला.

देवमाणूस!

माझा नवरा तापानं गेला तेव्हा यमू पाळण्यात होती. होडी दोघा भावांनी मिळून बांधलेली, तिच्या फळ्या मी माझ्या डोळ्यांनी बसताना पाहिलेल्या. बारावं उरकलं आणि मी चार माणसांदेखत अर्धी होडी मागितली. देवमाणूस काय म्हणाला? "होडी गड्याची असते, हिरे. बाईमानूस होडी घिऊन काय करनार?" बस्स, एवढंच. कुणी हूं की चूं केलं नाही. वर उपकार म्हणून मला त्याची जाळी शिवायचं काम दिलं, आणि रोजचा टोपलीभर जवळा. तेवढ्यावर मी आणि पोर.

म्हणजे बघ. कासवाला दार, आणि भावाच्या बायकोला? आणि ते दार शिवायला मलाच बसवलं मेल्यानं! कुजकं सूत सुईत ओवायचं, आणि कुणाच्या जिवासाठी, तर शेवाळ खाणाऱ्या जनावराच्या. दर टाक्याला माझा जीव जळायचा. एक-दोन नाही, किती वर्षं.

महाराष्ट्र राज्य झालं, त्याच्या पुढेमागे मुंबईहून नवा दोरा आला. नायलॉनचा. कुजत नाही, तुटत नाही, गडी माणसं दातानं तोडून बघायची आणि हसायची. त्यातलं एक भेंडोळं माझ्याकडे आलं...

सांगतेय, थांब जरा.

मी लपूनछपून केलं असं समजू नकोस. भरदिवसा, ओट्यावर बसून, येणाऱ्या-जाणाऱ्याशी गप्पा मारत मी ते दार नायलॉननं शिवलं. वरून डांबर चोळलं, जुन्या सुतासारखं काळं दिसावं म्हणून. राघोदादा समोरून गेला. "झालं का गं दार शिवून?" म्हणाला. "झालं," म्हटलं. मला काय हवं होतं? कासव मरायला हवं होतं. त्याच्या जाळ्यात, सगळ्या वाड्यादेखत. चुकून झालं, कळलं नाही — असलं काही मी तुला सांगणार नाही. मला ते मरायलाच हवं होतं.

आणि मेलं. काठ तुटलेलंच मेलं.

होडी किनाऱ्याला लागली. जाळ्यासकट वाळूवर उतरवलं त्याला. डोकं त्या दाराशीच अडकलेलं. त्याला जागा ठाऊक होती ना, आधी दोनदा तिथूनच सुटलं होतं! तिथंच धडका देत राहिलं असणार. दोरा मानेत रुतला होता. तोंडात शेवाळाचा तुकडा तसाच होता.

राघोदादानं त्याच्या पाठीवर हात ठेवला. "हिरे, हलक्या हातानं सोडव गं त्याला," म्हणाला. मला! मी सोडवलं. सुरीनं एकेक टाका कापला, दोरा गुपचूप कमरेला खोचला, आणि मग जाळं बाजूला केलं. खरं सांगू? राघोदादाचं तोंड बघून मला पोटभर जेवल्यासारखं वाटलं.

नारळ ठेवून, कुंकू वाहून, नव्या कापडात गुंडाळून कासवाला पुरलं. राघोदादानं घरचं माणूस गेल्यासारखं सुतक धरलं. ते फिटल्यावर माझ्याकडे आला, उंबऱ्याच्या बाहेरच उभा राहिला. "कुजक्या सुतानं एवढं धूड अडवलं, हिरे. देवाबिगर कोन अडवनार? तुज्या पोरीचं खाल्लं, त्याची ही शिक्षा हाय. होडी घे. अर्धी न्हाय, पुरी घे."

मी घेतली. अर्धी माझी होतीच. उरलेली अर्धी मी लबाडीनं घेतली.

तो परत दर्यावर गेला नाही. आणि ज्याच्या जाळ्यात कासव मेलं, त्याचा शब्द कोण मानणार? खडपावर जाळी पडायला लागली, नायलॉनची, बिनदाराची. पहिलं जाळं कुणाचं पडलं माहीत आहे? माझ्या होडीचं. मीच सांगितलं गड्यांना, टाका तिथं. राघोदादा किनाऱ्यावर उभा राहून बघायचा, आणि मी त्याच्याकडे बघत राहायचे. थोड्याच वर्षांत खडप ओस पडलं. शेवाळ अजून माजतं तिथं, पण चरायला कुणी येत नाही.

कासवांचं मला वाईट वाटतं. आता वाटतं. त्यांनी माझं काय घेतलं होतं? राघोदादाचं मात्र काही वाटत नव्हतं. त्याच्या शेवटच्या आजारपणापर्यंत नव्हतं, आणि त्या दिवशीही नव्हतं.

दुपारची वेळ होती. मला बोलावणं आलं म्हणून गेले. घरात तो आणि मी. त्यानं मला खाटेजवळ बसायला सांगितलं. मग म्हणाला, "हिरे, एक इचारू? त्या दिवशी दाराला सूत कुजकंच व्हतं ना गं?"

होडी मिळाली होती. यमूचं लग्न झालं होतं. माझं काहीच जाणार नव्हतं. नुसतं नाही म्हटलं असतं तर तो सुटला असता — देवाच्या शापातून, सगळ्यातून. तेवढंच मागत होता तो, ते मला त्याच्या डोळ्यांत स्वच्छ दिसत होतं.

"व्हय दादा," मी म्हटलं. "कुजकंच व्हतं."

त्यानं डोळे मिटले आणि मला हात जोडले. मी ते जोडू दिले.