भावोजींचे ऊबदार रणगाडे

माझे भावोजी रणगाडे बनवतात असं सांगितलं की समोरचा माणूस खुर्चीत सावरून बसतो. मग मला नाइलाजानं सांगावं लागतं की ते लाकडी असतात. भावोजी सुतार. सैन्याच्या सराव मैदानाला लागून त्यांची शेड आहे, आणि तिथल्याच कोठारात मी कारकून. पायदळाचे जवान रणगाडाविरोधी क्षेपणास्त्र चालवायला शिकतात, तेव्हा त्यांना उडवायला काहीतरी लागतं. ते काहीतरी भावोजी पुरवतात. बावीस वर्षं त्यांनी जे जे घडवलं त्याच्या चिंधड्या झाल्या, तरी गडी खूश! उलट नेम चुकून रणगाडा शाबूत राहिला, की त्यांचं तोंड उतरायचं.

मग क्षेपणास्त्रांना नव्या दुर्बिणी आल्या. त्यांना रंगरूप दिसत नाही, फक्त उष्णता दिसते. गरम ते पांढरं, गार ते काळं. पहिल्याच दिवशी जवानांना शिकवणाऱ्या हवालदारानं दुर्बिणीला डोळा लावून विचारलं, "आज रणगाडा ठेवलाच नाही का?" तीन वेळा रंग दिलेला रणगाडा त्याच्या नाकासमोर उभा होता.

मैदानाच्या साहेबांनी स्पष्टच सांगितलं, "कारखान्यात तयार निशाणं मिळतात, आतून तापणारी. महिन्याभरात तुम्हाला जमलं तर ठीक, नाहीतर शेड बंद."

भावोजींना घास गिळवेना. माझी ताई मुळातच फटकळ. "लाकूड गार असतं हे कळायला दुर्बीण कशाला हवी? तापवा की!" म्हणाली.

भावोजींनी रणगाड्याच्या पोटात शेगडी पेटवली. हवालदारानं पाहिलं आणि म्हणाला, "साहेब, तिकडे कुणीतरी स्वयंपाक करतंय."

आता मात्र भावोजी इरेला पेटले. साहेबांच्या मागे लागून त्यांनी खरा रणगाडा त्या दुर्बिणीतून तासभर पाहिला आणि सगळं वहीत उतरवून घेतलं. मग मागच्या बाजूला पत्रा ठोकून त्याखाली इंजिनाच्या जागी शेगड्या ठेवल्या, धुराड्याला लोखंडी नळी बसवली, चाकं पत्र्याची करून कोमट ठेवायची सोय केली. शेवटी वहीवर बोट ठेवून म्हणाले, "आणि वरच्या झाकणातून एक माणूस डोकावत होता. इंजिन चालू आणि माणूसच नाही? हसतील लोक!"

ताईनं गरम पाण्याची मोठी पिशवी माझ्या स्वेटरात कोंबली, मला न विचारता, आणि लहान पिशवी वर डोकं म्हणून शिवून टाकली.

परीक्षेच्या दिवशी आम्ही सगळे, दुर्बिणीत दिसेल ते दाखवणाऱ्या पडद्यासमोर उभे होतो. हवालदार दुर्बिणीतून बघत म्हणाला, "रणगाडा. इंजिन चालू." भावोजींनी माझं मनगट असं आवळलं की मी ओरडणारच होतो.

"फायर," साहेब म्हणाले.

काहीच झालं नाही.

"फायर!"

हवालदारानं बोट काढून घेतलं. "साहेब, वर माणूस आहे."

"अहो, पिशवी आहे ती! गरम पाण्याची!" भावोजी ओरडले.

तेवढ्यात पिशवीतलं पाणी हिंदकळलं आणि पडद्यावरच्या त्या पांढऱ्या डोक्यानं हळूच मान वळवली.

"हलला, साहेब." वीस वर्षं नोकरी झालेला तो हवालदार उठून बाजूलाच उभा राहिला. पिशवी मला ठाऊक होती, स्वेटर तर माझाच होता, तरी मी मैदानाकडे एक पाऊल टाकलंच. साहेबांनीही पडद्याकडे पाठ केली.

शेवटी भावोजीच मैदानात चालत गेले आणि त्या माणसाला उचलून परत आले. काखोटीला मारून नव्हे, दोन्ही हातांत घेऊन, डोकं सांभाळत.

मग नेम बसला. रणगाडा उडाला, टाळ्या झाल्या. भावोजींना टाळ्या वाजवता आल्या नाहीत, हात मोकळे नव्हते.

आठवड्यानं साहेबांचं पत्र आलं. शेड राहिली. वीस रणगाडे हवे होते; इंजिन, धुराडं, चाकं, सगळं हुबेहूब तसंच. टाइप केलेल्या मजकुराखाली साहेबांनी स्वतःच्या हातानं एक ओळ लिहिली होती : वर माणूस नको.