टाइमशीटमध्ये न मावलेला दिवस

व्यवस्थापन सल्लागार म्हणून गेले तीन महिने मी एका कारखान्यात जातो. फाटकावरच्या वहीत येण्याजाण्याची वेळ लिहून सही करावी लागते. शुक्रवारी सकाळी तिथले पहारेकरी काका वही चाळत म्हणाले, "साहेब, आमची शिफ्ट तरी सुटते. तुमची कधी सुटते?"

मी हसलो, पण नजर त्या पानांवर अडकली. वेळा माझ्याच अक्षरात होत्या, आणि आकडे दिसले की मला बेरीज केल्याशिवाय राहवत नाही. मागच्या आठवड्याचे चौसष्ट तास निघाले. आमच्या सल्लागार कंपनीच्या टाइमशीटमध्ये मात्र मी सगळ्यांसारखेच चाळीस भरले होते, कारण करारात तेवढेच धरलेले असतात.

राहिले चोवीस. म्हणजे एक अख्खा दिवस, रात्रीसकट, कुठेच नोंदलेला नव्हता. तो आला कुठून? माझ्या झोपेतून आला असणार, बायकोबरोबरच्या जेवणांतून आला असणार. दुसऱ्यांच्या हिशेबातल्या चुका शोधणं हे माझं काम, आणि स्वतःचा खोटा आकडा मी वर्षानुवर्षं न चुकता भरत आलो.

त्या दुपारी मी टाइमशीटमध्ये चालू आठवड्याचे खरे तास टाकले. अर्ध्या तासात आमच्या कंपनीतल्या मॅनेजरचा फोन आला.

"अहो, दिवसाला आठच्या वर कुणी टाकतं का? प्रोजेक्ट तोट्यात दिसेल!"

"दिसू द्या," मी म्हणालो. "आहेच ते तोट्यात. पुढच्या कामाला एक माणूस जास्त धरा."