तिसऱ्या दिवसाची पुडी

कळमना बाजारात रुपरावला कोणी रुपराव म्हणतच नसे. डाक्टर! धान्याच्या गोदामात उंदीर झाले की बोलवा डाक्टरला. बावीस वर्षं हा गडी उंदरांना विष मांडत आला. अन् कसब होतंच त्याच्या हातात, खोटं कशाला बोला? दुसरे लोक पहिल्याच दिवशी विष ठेवत. एक उंदीर मेला की बाकीचे हुशार होत, तोंडच लावत नसत. रुपराव दोन दिवस गूळ-पिठाच्या साध्याच गोळ्या ठेवी, बोराएवढ्या, तेलाचं बोट लावलेल्या. उंदीर निर्धास्त झाले की तिसऱ्या दिवशी विषाची पुडी मिसळायची. सकाळी मेलेले उंदीर तो गोदामापुढे ओळीनं मांडी अन् शेठ म्हणे, "वा, डाक्टर!" तेवढ्यावर त्याचा आठवडा खुशीत जाई.

मग आली वंदना. आली म्हणजे काय, होतीच. गोदामं झाडणाऱ्या बायांची मुकादम. मागच्या उन्हाळ्यात तिला आठ नंबरच्या गोदामामागे घुबडाची जोडी मरून पडलेली दिसली. शेजारी अर्धा खाल्लेला उंदीर, रुपरावच्याच विषाचा. बाईनं सारा बाजार डोक्यावर घेतला. हमाल, बाया, शेठ लोक, सगळ्यांना एकत्र बसवून ठरवून घेतलं: विष बंद. बिळं काच-सिमेंटनं बुजवायची, पोती फळ्यांवर ठेवायची, सांडलेला दाणा दिवस बुडायच्या आत उचलायचा. पावसाळा सरता सरता आठ नंबरच्या छपराखाली नवी जोडी आली अन् तीन पिल्लंही झाली.

आता जिथं जावं तिथं वंदनाताई, वंदनाताई! अन् डाक्टरला दारांखाली जाळी ठोकायचं काम, तेही तिच्या हाताखाली. अंगाचा तिळपापड झाला नसता तरच नवल.

"बावीस वर्षं उंदीर मी मारले, अन् नाव हिचं!" तो जेवताना धुसफुसे.

"मंग जळत काहून बसता जी?" त्याची बायको जयवंता म्हणे. "वरण थंडं होऊन राहिलं."

एक दिवस आठ नंबरच्या शेठनं सगळ्यांसमोर वंदनाला शाल अन् नारळ दिला. टाळ्या रुपरावनंही वाजवल्या. त्याला कधी कोणी साधा हार घातला नव्हता. त्यानं मनाशी ठरवलं, आठ नंबरमागे विष ठेवून पुन्हा गोदामापुढे उंदरांची ओळ मांडायची. कळू दे शेठला, डाक्टरशिवाय भागत नाही! घुबडांचं काय होईल, हे त्याला ठाऊक होतं. तो विचार त्यानं मनात येऊच दिला नाही.

पहिल्या दिवशी साध्या गोळ्या. दुसऱ्या दिवशीही साध्याच, अन् दिवेलागणीला तो पोत्यांआड पाहत बसला. उंदीर निर्धास्त उघड्यावर आले. तोच वरून काहीतरी पांढरं उतरलं, ना आवाज ना काही, अन् एक उंदीर घेऊन गेलं. पुन्हा आलं. पुन्हा. छपराखाली पिल्लांनी नुसता गोंधळ घातला.

चौकीदारानंही ते पाहिलं होतं. सकाळी बाजारभर एकच बोलणं, "वंदनाताईच्या घुबडानं काल उंदरांचा फडशा पाडला!"

बाप्पा! गोळ्या याच्या, कसब याचं, अन् नाव पुन्हा तिचंच!

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी तो पुडी खिशात घालून आठ नंबरमागे गेला, तर तिथं वंदना मातीत बसलेली. तिच्या तळहातावर त्याची गोळी.

"अशी गोळी बाजारात एकच माणूस वळते, भाऊ," ती म्हणाली. "फोडून पाह्यली. साधी हाय. पण परवापासून दिसून राहिल्या, म्हंजे आज तिसरा दिवस हाय न?"

रुपरावनं खिशावर हात दाबला. वर पिल्लं भुकेनं ओरडत होती.

"कोणाले सांगतलं?"

"कोणालेच नाही. तुमची वाट पाहून राहिली होती."

त्यानं वर छपराकडे पाहिलं. मग त्यानं पुडी काढली अन् तिच्यापुढे आदळली.

"घे वं! पण त्या घुबडाले काल जेवू मी घातलं. मी! तुया झाडूनं नाही. हे सांगशील बाजारात?"

"सांगीन न."

"शेठसमोर?"

"शेठसमोर."

रुपराव तिच्याशेजारी उकिडवा बसला. दुसऱ्या खिशातून त्यानं साध्या गोळ्या काढल्या अन् भिंतीकडेनं एक-एक मांडू लागला.

"मंग सरक तिकडं," तो म्हणाला. "माणूस दिसला का उंदीर बाहेर नाही येत. लेकरं उपाशी हायेत वर."