आरशातले शेठ

साठीनंतर माझ्या मानेने मागे वळायचे नाकारले. डॉक्टरांनी मणक्याचे लांबलचक काहीतरी सांगितले. बायकोने थोडक्यात सांगितले, "मागचं दिसत नसेल तर सायकल भंगारात. मला कोनच्या रस्त्यावरून कुणाचा फोन यायला नकोय." पनवेलहून कोनकडे जाताना मागून कंटेनर येतात आणि सगळेच हॉर्न वाजवत येतात, त्यामुळे हॉर्नवरून काहीच कळत नाही. मला हँडलला लावायचा आरसा हवा होता.

आमच्या रविवारच्या सायकल मंडळाने तेवढ्यात मोफत आरसेवाटप ठरवले. हस्ते आमच्याकडचे पुढारी, शेठ. यांच्या जमिनींवर इमारती उभ्या राहिल्या आणि इमारतींवर यांचे फलक. रस्तासुरक्षेच्या या सोहळ्याचा मंडप अर्धा रस्ता अडवून घातला होता. शेठ फोटोपुरते सायकलवर बसले. मागून दोघांनी धरले होते.

आरसा पुरीएवढा. त्यावर हात जोडून हसणारे शेठ चिकटवलेले, खाली 'आपली सुरक्षा, आमची जबाबदारी'. उरलेल्या काचेत माझे कोपर दिसत होते.

"अहो, यात मागचं दिसणार कसं?" मी वाटप करणाऱ्या कार्यकर्त्याला विचारले.

"काका, तुमी मागं कशाला बघताय? मागं शेठ हाय ना!"

सगळे हसले. परदेशी सायकली, परदेशी चष्मे, पण स्टिकरला कुणी नख लावले नाही. आमचे मंडळाध्यक्ष, निवृत्त बँक अधिकारी, कानाशी येऊन म्हणाले, "आजचा दिवस राहू द्या हो. टी-शर्टसुद्धा त्यांनीच दिलेत."

मीही स्टिकर राहू दिला, आरसा हँडलला लावला आणि मंडळाबरोबर निघालो. कोनच्या अलीकडे पुढे खड्डा आला. उजवीकडे व्हायचे म्हणून आरशात पाहिले. शेठ प्रसन्न होते. मी उजवीकडे झालो आणि एक ट्रेलर माझ्या बाहीला वारा घालत गेला. दचकल्यामुळे हँडल वळले आणि मी रस्त्याकडेच्या गवतात.

"आरसा बघायचा ना!" अध्यक्ष ओरडले.

"बघितला. नमस्कार करत होते."

शेजारच्या टपरीवर गरम पाणी मागून घेतले आणि शेठना खरवडायला बसलो. आधी कपाळ निघाले, मग हसू. जोडलेले हात चिवट होते. मंडळ देवळात चप्पल घालून शिरलेल्या माणसाकडे बघावे तसे माझ्याकडे बघत होते.

"ग्रुपवर फोटो तरी टाकू नका," अध्यक्ष म्हणाले.

परतताना मात्र ते नेमके माझ्या मागे राहिले, आणि त्यांच्या मागे अख्खे मंडळ. प्रत्येक खड्ड्यापाशी हाक येई, "काका, मागून काही येतंय का?"

"टँकर येतोय. थांबा," मी सांगे, आणि आरशांवरचे सगळे शेठ एका रांगेत थांबत.

घरी बायकोने मला फाटकात सायकलवर बसवले, स्वतः मागे जाऊन उभी राहिली आणि विचारले, "मी काय करतेय?"

"कमरेवर हात ठेवून उभी आहेस."

"बरं. दिसतंय," ती म्हणाली, आणि आत गेली.