बोलत्या पाटीतली तुटकी पिन

सुईताईच्या दुकानात दोन माणसं बसली की तिसऱ्याला पायरीवर बसावं लागे. दुकान म्हणजे एका इमारतीच्या जिन्याखालची तिरकी जागा. आत शिरताना वाकायचं आणि बाहेर पडताना हमखास डोकं आपटून घ्यायचं. मोबाइल, रेडिओ, कानाची यंत्रं, बोलकी खेळणी, जे जे हातात मावेल आणि बिघडेल ते तिच्याकडे येई. बारा वर्षं तिने रेडिओच्या कारखान्यात तारांना डाग द्यायचं काम केलं होतं. कारखाना बंद पडला तेव्हा बरोबरच्या बायका गेटापाशी रडत बसल्या. हिने आपलं भिंग आणि चिमटा पिशवीत टाकला आणि पंधरा दिवसांत जिन्याखाली टेबल मांडलं. दुसऱ्यांच्या स्क्रू-ड्रायव्हरला जे जमत नसे ते ही सुईच्या टोकाने करी, म्हणून ती सुईताई. खऱ्या नावाने तिला फक्त नवरा हाक मारी, तीही रागावला तर.

अशा बाईला गेल्या वर्षापासून एका भीतीने धरलं होतं, आणि ती भीती तिच्या उजव्या हाताच्या बोटांत राहायला आली होती.

सुरुवात एका स्क्रूने झाली. तिळाएवढा स्क्रू चिमट्यातून निसटला. पुन्हा उचलला, पुन्हा निसटला. दमले असेन, असं म्हणून तिने दुकान लवकर बंद केलं. पण मग चहाचा कप बशीवर टकटक करायला लागला. सही करताना अक्षराला दाते फुटायला लागले. तिचे वडील शिंपी होते. काजं करण्यात त्यांचा हात धरणारा कुणी नव्हता, आणि शेवटच्या वर्षांत त्याच हाताला सुईत दोरा ओवता येत नव्हता. आई त्यांना चमच्याने भरवायची आणि ते भिंतीकडे बघत गिळायचे. सुईताईला तेव्हाची ती भिंतसुद्धा आठवत होती.

तिने कुणाला सांगितलं नाही. कप अर्धाच भरायचा, भाजी चिरताना घरच्यांकडे पाठ करायची, बोलताना हात पदराखाली ठेवायचा. झाकली मूठ सव्वा लाखाची. डॉक्टरकडे जायचा विचार आला की ती स्वतःलाच म्हणे, हात दाखवून अवलक्षण कशाला? एकेक करून हात, पाय, वाचा नेणारा जो रोग तिच्या मनात होता, त्याचं नाव डॉक्टरने घेतलं की तो खरा होणार. जोवर कुणी नाव घेतलेलं नाही, तोवर आपण दमलेलो असू शकतो.

एका दुपारी निवृत्त पोस्टमन आपल्या बायकोला घेऊन आले. बाई काठी टेकत, उजवा पाय ओढत आल्या. दोन वर्षांपूर्वी त्यांच्या डोक्यात रक्ताची गुठळी झाली होती. पाय थोडा परत मिळाला, वाचा गेली ती गेलीच. गळ्यात पट्ट्याने एक टॅब्लेट लटकवलेला होता. घरात त्याला पाटी म्हणत. पाटीवर चौकोन होते. पाणी, दुखतंय, या, थांबा, दिवा लावा. डाव्या हाताच्या बोटाने चौकोन दाबला की पाटी तो शब्द मोठ्याने बोले. अक्षरं जुळवून वाक्यही बोलवता येत असे, फक्त वेळ लागे.

"काल नातीने हेडफोन लावून त्यावर गाणी ऐकली," पोस्टमन म्हणाले. "पाटी पडली आणि पिन आतच तुटली. आता पाटीला वाटतंय हेडफोन लावलेलाच आहे. म्हणून बाहेर आवाजच नाही."

"मोठ्या दुकानात दाखवलंत?"

"तिथून तर येतोय. ते म्हणाले, आतलं सगळं बदलावं लागेल. तीन आठवडे. वर हिने साठवलेली वाक्यं पुसली जातील ती वेगळीच." मग आवाज खाली आणून म्हणाले, "आज सकाळी ही न्हाणीघरात घसरली. मी खाली दूध आणायला गेलो होतो. परत येऊन पेपर वाचत बसलो. ही आत फरशीवर पडून 'या, या' दाबत होती. वीस मिनिटं. मी भिंतीच्या अलीकडे होतो हो."

बाईंच्या डाव्या कोपरावर ताजं खरचटलेलं होतं. त्यांनी तोंड उघडलं, ओठ हलले, घशातून नुसती हवा आली. मग पाटीवर बोट दाबलं. पाटी गप्प. तरी त्यांनी पुन्हा दाबलं.

सुईताईने पाटी भिंगाखाली धरली. भोकात, नखभर खोल, पिनेचा तुटका चेहरा दिसत होता. राखाडी कडा, मधे पांढरा ठिपका. असं काम तिने आयुष्यात पन्नास वेळा केलं असेल. बारीक काडीच्या टोकाला झटपट चिकटणाऱ्या डिंकाचा थेंब लावायचा, काडी सरळ आत न्यायची, पिनेच्या तोंडावर टेकवायची, सुकू द्यायची आणि ओढायची. सगळी मेख 'सरळ' या शब्दात होती. काडी भोकाच्या भिंतीला लागली तर तीही आत चिकटणार. म्हणजे आगीतून फुफाट्यात. मग पाटी मोठ्या दुकानात जाणार, आणि ही बाई तीन आठवडे मुकी राहणार.

"उद्या या ना," ती म्हणाली. "आज फार कामं आहेत."

टेबलावर एक उघडा रेडिओ सोडला तर काहीच नव्हतं. पोस्टमननी टेबलाकडे बघितलं. "उद्यापर्यंत बसतो की आम्ही," ते म्हणाले. ते थट्टेत म्हणाले की खरंच, हे तिला कळलं नाही.

तिने दिवा खाली ओढला. काडी घेतली. थेंब लावला. हात टेबलावर होता तोवर शांत होता. भोकाजवळ आला आणि बोटांनी जणू ते ओळखलं. काडीचं टोक आधी थोडं, मग स्पष्ट थरथरायला लागलं. तिने दात आवळले. पुढे नेलं. टोक भोकाच्या कडेला लागलं.

तिने झटक्यात हात मागे घेतला. डिंकाचा केसासारखा धागा कडेपासून काडीपर्यंत ताणला गेला आणि तुटला. तिने चिंधीने कडा पुसली, पुन्हा पुसली. सुईने आत चाचपडून बघितलं. डिंक आत गेला नव्हता, पण गेला असता. तिच्या कपाळावरचा घाम भिंगावर टपकला.

"काय झालं?" पोस्टमननी विचारलं.

"काही नाही."

पण बाई पाटीकडे बघत नव्हत्या. त्या सुईताईच्या हाताकडे बघत होत्या. सुईताईने सवयीने हात पदराखाली नेला, आणि तो तिथेही कापतच राहिला, पदर हलताना दिसत होता.

लपवण्यासारखं आता काही उरलंच नव्हतं. "माझा हात कापतो," ती म्हणाली. हे वाक्य तिने वर्षभरात पहिल्यांदा उच्चारलं, तेही परक्या माणसांपुढे. "गेल्या वर्षापासून. जमेल असं वाटत नाही मला. बिघडवून ठेवीन. तुम्ही दुसरीकडे दाखवा."

पोस्टमन उठले. तिच्यावर रागावले नव्हते, पण घाबरले होते. त्यांनी पाटीकडे हात केला. बाईंनी काठी टेबलाला आडवी लावली आणि मान हलवली. नाही. मग काठीचं टोक टेबलावर दोनदा आपटलं आणि नजर सुईताईवर रोखली.

"ही ऐकायची नाही," पोस्टमन म्हणाले आणि परत बसले. "बोलायची तेव्हाही ऐकायची नाही."

सुईताईने टेबलाचा खण ओढला. हात सरळ जाणार नसेल तर त्याला वाट घालून द्यावी लागेल. तिने एक रिकामी पेनाची रिफील घेतली, तिचं प्लॅस्टिकचं बारीक नळकांडं दोन बोटं लांबीचं कापलं आणि ते भोकात अलगद बसवलं. दोनदा हुकलं, तिसऱ्यांदा गेलं. नळकांडं कोरडं होतं, ते कुठेही लागलं तरी भीती नव्हती. आता काडी त्याच्या आतून गेली की भोकाच्या भिंतीला लागणार नाही. हात कितीही कापला तरी काडी जाईल ती पिनेवरच.

नवा थेंब, अगदी छोटा, काडीच्या फक्त टोकाला. तिने श्वास धरला. काडी नळकांड्याच्या तोंडावर तीनदा टकटकली, मग आत घसरली आणि खाली टेकली. तिने बोटं सोडली.

"पाच मिनिटं कुणी टेबलाला हात लावू नका."

ती पाच मिनिटं तिला वर्षभरासारखी गेली. डिंक पाझरून नळकांड्याच्या बाहेर गेला असेल का? पिनेच्या कडेने खाली उतरला असेल का? बाहेर जिन्यावर कुणी धाडधाड उतरलं, टेबल हललं, काडी डुलली. पोस्टमनना शिंक आली. त्यांनी नाक दाबून धरलं, डोळ्यांत पाणी येऊन चष्मा ओला झाला, पण शिंक गिळली.

मग तिने चिमट्याने काडी धरली, डाव्या हाताने उजवं मनगट आवळलं आणि ओढलं. पिन हलेना. आतली स्प्रिंग तिला धरून बसली होती. आणखी जोर लावावा तर डिंक सुटणार, न लावावा तर निघणार नाही. तिने डोळे मिटले आणि ओढलं.

टक् असा आवाज झाला. चिमटा झटक्यात वर आला. काडीच्या टोकाला काय आहे, की काहीच नाही, हे बघायचा तिला धीर होईना. ती डोळे मिटूनच बसली.

"चष्मा पुसा," पाटी म्हणाली.

मोठ्या, सपाट, बाईच्या आवाजात. पोस्टमननी खरोखरच चष्मा काढला आणि पुसला. मग ते हसले, आणि पुसलेला चष्मा पुन्हा पुसावा लागला. काडीच्या टोकाला पिनेचा तुकडा चिकटला होता, तांदळाच्या दाण्याएवढा, सोनेरी.

पोस्टमन रिक्षा बघायला बाहेर गेले. बाई उठल्या नाहीत. त्या एकेक अक्षर जुळवत होत्या. डाव्या हाताच्या बोटाने अक्षर शोधायचं, दाबायचं, चुकलं की पुसायचं. सुईताई थांबून राहिली. बऱ्याच वेळाने पाटी बोलली.

"गुठळीआधी माझी जीभ दोन दिवस जड होती. सांगितलं नाही. भ्याले."

थोडं थांबून पुन्हा.

"तुम्ही दाखवा."

त्या रात्रीच्या जेवणाआधी सुईताईने नवऱ्याला सांगितलं. तो एका छापखान्यात कागद कापायच्या यंत्रावर होता. त्याने ऐकलं आणि ताटाकडे बघत म्हणाला, "माहीत आहे. सहा महिने कप अर्धे येतायत."

"मग बोलला का नाहीस?"

"तू सांगशील म्हणून थांबलो." मग म्हणाला, "मलाही भीती वाटली गं. विचारलं आणि तू हो म्हणालीस तर?"

डॉक्टरीणबाईंनी तिला कागदावर गोगलगाईसारखी गोल गोल रेघ काढायला लावली. रेघ करवतीसारखी आली. चालायला लावलं, मनगटं वाकवून बघितली, दोन तपासण्या करून घेतल्या. आठवड्याने परत बोलावलं, तेव्हा सुईताई एकटी गेली नाही. नवऱ्याने तिचा दंड धरला होता.

"वडील शेवटपर्यंत चालायचे?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"चालायचे. बोलायचेही नीट. फक्त हात."

"तेच तुम्हाला आहे. कंप आहे, घराण्यात उतरणारा. तुम्ही घाबरत होतात तो आजार हा नव्हे. पाय जाणार नाहीत, वाचा जाणार नाही. पण हात आणखी कापेल, हळूहळू. गोळीने कमी होईल, बरा होणार नाही."

म्हणजे निम्मी भीती खोटी निघाली आणि निम्मी खरी. जिना उतरताना तिला हसावं की रडावं कळेना. नवरा म्हणाला, "काय म्हणाल्या ते नीट ऐकलंस ना?" ती म्हणाली, "एक गोष्ट ऐकली, पाय जाणार नाहीत." तो म्हणाला, "मग चाल."

आता ती बारीक कामं सकाळी, गोळी घेतल्यावर दोन तासांत उरकते. दुपारी रेडिओ आणि खेळणी. काही कामं परत पाठवते आणि का ते सांगते. तरीही हात भोकाजवळ गेला की छातीत धडधडतं, दर वेळी. गिऱ्हाईक बसलेलं असतं, ते बघत असतं. हात कापायला लागतो. ती थांबते, हाताकडे बघते, आणि रिफिलीचा डबा पुढे ओढते.